झाकणावरचं घर

संत्र्यांच्या पिशवीवर आमचा बंगला छापलेला होता. वर्ध्याच्या बाजारात संध्याकाळी मी बासाठी संत्री घ्यायला थांबलो, टोपलीवाल्या बाईने रद्दीतल्या गुळगुळीत पानाची खळीने चिकटवलेली पिशवी फुंकर मारून फुगवली, संत्री आत सोडली आणि म्हणाली, "सांभाळून नेजो भाऊ, बूड कच्चं हाये." म्हणून पिशवी हँडलला न लावता मी पोटाशी धरली आणि एका हाताने सायकल ढकलत चालू लागलो. पोस्टासमोरच्या दिव्याखाली सहज खाली नजर गेली. चित्रात एक घर होतं. रुंद पायऱ्या, मधोमध कमानीचं दार, दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीने पोट पुढे काढावं तशा बाहेर आलेल्या खिडक्या, त्यांना बारीक बारीक तावदानं, वर दगडी कठड्याची झालर आणि छपरावर चार मनोरे, दोन इकडे, दोन तिकडे. मी जागीच थांबलो. मागचा टांगेवाला काहीतरी पुटपुटत बाजूने गेला. डावीकडच्या खिडकीच्या कोपऱ्यात पाऊल रोवून झालरीपर्यंत कसं चढायचं ते माझ्या पायाला आठवलं. देवळीच्या रस्त्यावरचा हा बंगला माझ्या बापाने बांधलेला होता, आणि तो एका इंग्रजी मासिकाच्या पानावर, हिरव्यागार कुरणात, तळ्याच्या काठी उभा होता.

चित्राखाली दोन ओळी होत्या. माझं इंग्रजी नकाशावरच्या अक्षरांपुरतं आहे, पण एवढं कळलं की हे कुठल्याशा विलायती घराण्याचं गावाकडचं घर आहे आणि ते साडेतीनशे वर्षांपूर्वी बांधलं. बाने बंगला बांधला तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. वजाबाकी मला येते. तरी तेवढंच असतं तर मी कसंबसं निभावून नेलं असतं. दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते, जगात असं होत असेल, अशी काहीतरी समजूत घालून मी घरी गेलो असतो. पण डावीकडच्या पहिल्या मनोऱ्यातून धूर निघत होता. बारीक, निळसर, वाऱ्याने थोडा कललेला धूर. मी पिशवी दिव्याकडे उंच धरून पाहिली, आणि तेवढ्यात कच्च्या बुडाने आपलं काम केलं. संत्री रस्ताभर झाली. ती गोळा करायला लोक वाकले आणि मी मात्र रिकामी पिशवी हातात घट्ट धरून उभा राहिलो, ते पाहून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

धुराने एवढं हबकण्यासारखं काय होतं, ते मनोऱ्यांपासूनच सांगायला हवं. आमच्या बंगल्याचे मनोरे भरीव आहेत. आतबाहेर वीट आणि चुना. त्यांच्यावर घंटा नाही, झेंडा नाही, ते काही तोलून धरत नाहीत. आमच्या वस्तीत प्रत्येक वस्तूला काम होतं. लुगडं फाटलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पोतेरं, आणि पोतेऱ्याचीही शेवटी वात व्हायची. माणसांचं तर विचारूच नका. साऱ्या मुलखात त्या चार मनोऱ्यांनाच तेवढं काही काम नव्हतं. लहानपणी मी बाला विचारलं होतं, हे कायले केले? बा विटेवर थापी पुसत म्हणाला होता, "चांगले दिसते म्हनून." त्या उत्तरावर मी चाळिशीपर्यंत आलो आहे. दुसऱ्या पोरांच्या बापांनी बैलजोडी घेतली, कोणी गिरणीत मुकादम झाला, कोणी पहिलवान निघाला. माझ्या बापाने, नानाजी मिस्त्रीने, नुसती चांगली दिसणारी गोष्ट केली होती, तीही आभाळात, साऱ्या गावाला दिसेल अशी.

आणि मी काय करतो? बांधकाम खात्यात ट्रेसर आहे. साहेबलोक नकाशा काढतात, मी त्यावर तलम कापड अंथरतो आणि त्यांच्या रेघेवरून रेघ ओढतो. पुलाची रेघ, दवाखान्याची रेघ, तुरुंगाच्या भिंतीची रेघ. माझी स्वतःची म्हणून एक रेघ सरकारदरबारी नाही. कधी हात चुकला आणि रेघ जरा बाहेर गेली तर ब्लेडने खरवडून काढावी लागते. हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही, पंख्याखाली बसून करायचं काम आहे, आणि आमच्यात पंख्याखाली बसणारा मी पहिलाच. फक्त दुपारी मान अवघडली की मी खिडकीबाहेर पाहायचो आणि मनात म्हणायचो, असू दे, माझ्या बापाने कोणाची नक्कल केली नाही. आता दिव्याखाली उभा राहून मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून काम करणारे आहोत.

घरी आल्यावर मी ओल्या फडक्याने खळ भिजवून पिशवी सोडवली, पान सपाट केलं आणि ट्रेसिंगच्या कापडात ठेवून वर पाट ठेवला. कांता, माझी बायको, चुलीपुढून हे सारं पाहत होती. तिने पाट उचलून पाहिलं. "बाई, मामाजींचा बंगला," ती म्हणाली आणि इतकी खूश झाली की मला तिचा रागच आला. मी म्हटलं, तो बाचा नाही. बाचा याच्यावरून केलेला आहे. तिने परत पाहिलं. "तं काय झालं. मी बी तं भाकर मायच्या हातची पाहूनच शिकली." मी धुरावर बोट ठेवलं. ते मात्र तिला लगेच कळलं, चुलीपुढे बसलेल्या बाईला धूर समजावून सांगावा लागत नाही. मग म्हणाली, "त्यायले दाखवा पन. त्यायचंच हाये थे." मी पाट पुन्हा जागेवर ठेवला.

बा तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, गेली दोन-तीन वर्षं त्याला माणूस आवाजावरून कळायचा. दीक्षेला नागपूरला गेलो तेव्हाही एवढी लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, आणि बा म्हणाला, "मले नुसता उजेड दिसून राह्यला, पन लय दिसून राह्यला." आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. जन्मभर ज्याने भिंतींना सरळ उभं केलं त्याला असं आडवं, सरळ झोपवलेलं पाहून मला हसू आलं. मी संत्रं सोलून एकेक फोड त्याच्या ओठांशी धरत होतो. पान माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. ते तिथे आणायचं काही कारण नव्हतं, त्याला दिसणार नव्हतंच, पण घरी ठेवून यायचा धीर झाला नाही.

"बा," मी म्हटलं, "बंगल्याचा नकाशा कोनं काढला होता?"

"नकाशा कायचा. झाकन होतं."

"कायचं झाकन?"

"बिस्कुटाच्या डब्याचं." त्याने फोड गिळली. "बार्लो साहेबाच्या टेबलावर राहे थो डबा. त्याच्यावर घर होतं. साहेबानं झाकन माह्या हाती देल्लं अन म्हने, नानाजी, ऐसा. म्या म्हटलं, हो साहेब, ऐसा."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर आपण काय ऐकलं तेच कळलं नाही. बार्लो साहेब म्हणजे सरकी-रुई घेणाऱ्या विलायती कंपनीचा इथला माणूस, तांबडा, जाडजूड, एकटा. त्याच्याबद्दलच्या साऱ्या गोष्टी मला पाठ होत्या, पण त्यांत झाकण कधीच नव्हतं. मी म्हटलं, "मंग तू कधी सांगतलं नाई."

"तुनं इचारलं काऊन नाई?"

खरंच विचारलं नव्हतं. मनोरे कशाला केले ते विचारलं, बंगला कुठून आणला ते नाही. बा पट्टीखालून बोलत राहिला. ते घर साहेबाच्या गावाला होतं म्हणे. साहेब लहान होता तेव्हा फाटकाबाहेर उभा राहून पाहायचा, त्याचा बाप कुठेतरी गाड्या हाकायचा, त्यांना आत कोण घेतंय. "मले वाटे, साहेब म्हंजे साहेब, त्याले कोन अडवते. पन त्याले बी आत जाऊ देल्लं नाई कोनी. म्या पुसलं त्याले, हे समोरचं झालं साहेब, मांगं कसं हाये? त्यानं हात पसरले. म्हने, मालूम नहीं, कभी देखा नहीं. तेरे मन का करो." बाने ओठावरचा रस जिभेने पुसला. "झाकनावर मागचं कुठून येईन. मंग केलं माह्या मनाचं."

मी फोडीवरचे दोरे काढत होतो. म्हणजे नक्कल होती हे बाला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि त्यात त्याला काही लागलं नव्हतं. मग मला का लागत होतं? मी स्वतःला सांगितलं, बरं झालं, सुटलो, आता पान काढून त्याच्या उशाशी ठेवायला हरकत नाही, पट्टी सुटली की पाहील. हात खिशाकडे गेलाही होता. तेवढ्यात तो म्हणाला, "पन मनोरे म्या झाकनावरल्यासारखे नाई ठेवले. थे बुटके होते. म्या उंच नेले, अन भरीव केले, तुफानात हलाले नाई पाह्यजे. साहेब वरतं चढला होता, याद हाये तुले? कसा हसला होता. इतका खूश झालेला मानूस म्या जिंदगीत पाह्यला नाई." आणि मग, जणू वाळूच्या पिशव्यांशीच बोलतोय असा हळू, "थे झाकन एकडाव अजून पाह्यले भेटलं असतं. आता डोये परत येऊन राह्यले तं."

मी हात खिशातून तसाच काढून घेतला. साहेबाचं ते हसणं मला आठवत होतं. कशाला नाही आठवणार, आमच्या घरात ती गोष्ट सणासुदीला निघायची. शेवटच्या मनोऱ्याचा गिलावा झाला त्या दिवशी साहेब बूट घालून बांबूच्या परांचीवर चढला. खाली सगळ्यांचा श्वास अडकला, कारण साहेबाचं वजन बांबूला माहीत नव्हतं. तो पहिल्या मनोऱ्यापाशी पोचला, माथ्यावर तळहात ठेवला, हात गोल फिरवला, पुन्हा फिरवला. मग फळीवरून सरकत दुसऱ्यापाशी गेला आणि तिथेही तसाच हात फिरवला. आणि मग तो एकटाच, आभाळाजवळ, हसायला लागला. टोपी पडली तरी थांबेना. पडलेली टोपी मी उचलली होती, तिच्या आतल्या पट्टीला घामाचा आणि कसल्याशा तेलाचा वास होता. खाली आल्यावर त्याने बाचे दोन्ही हात हातात घेतले, चुन्याने भरलेले, आणि म्हणाला, बहुत अच्छा, नानाजी, बहुत अच्छा. माझ्या मायने हे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आमच्या हाताला हात लावणारा बाहेरचा माणूस तिने तोवर पाहिला नव्हता. इतकी वर्षं मला वाटत आलं की एका माणसाने दुसऱ्याची कारागिरी ओळखली तेव्हा असं हसू येतं. आता सायकलवरून परत येताना, सेवाग्रामच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, आणि मला ते हसू अगदी निराळं ऐकू यायला लागलं. विलायतेत ते मनोरे नव्हते, धुराडी होती, आणि तो माणूस धुराची वाट शोधत होता. ती सापडली नाही म्हणून हसत होता. माझ्या बापाला.

त्या दिवसांत मी फार चिडचिडा झालो. कचेरीत एका नकाशावर दोन ठिकाणी शाई सांडली. टेबलावरून डोकं वर केलं की समोर साहेबाचं तांबडं तोंड यायचं. मेला असेल तो केव्हाच, पण मी त्याच्याशी भांडत बसायचो. अरे, सांगायचं होतंस ना. एक शब्द बोलला असतास तर त्याने पोकळ केले असते, त्याला काय जड होतं? विहीर खणणाऱ्याला भोक ठेवता येत नाही होय? आणि मग विहिरीशी येऊन माझं भांडण अडायचं, कारण विहीर म्हटली की माय दिसायची. आमच्या गावच्या विहिरीपासून बरीच दूर, बाभळीखाली, घागर पायाशी ठेवून ती उभी राहायची. कोणाला दया आली, सवड झाली, की वरून पाणी ओतायचे. सकाळचं ऊन तिच्या तोंडावरून खांद्यावर यायचं आणि घागर तशीच. मला त्या वाट पाहण्याचा कंटाळा यायचा आणि मी तिच्या पदराला लोंबकळायचो. बंगल्याचं काम सुरू झालं तेव्हा आम्ही तिथेच झोपडी टाकून राहत होतो. चुन्याची घाणी फिरायची, ओल्या पोत्यांचा वास यायचा, आणि मागच्या बाजूला, झाकणावर नसलेल्या बाजूला, बाने लांबलचक पडवी घातली आणि पडवीच्या पोटातच विहीर घेतली. तिला चार दिशांना चार रहाट बसवले. मुकादम म्हणाला होता, एका साहेबाला चार रहाट कशाला? बा म्हणाला, "कोनी कोनासाठी थांबू नाई." पाणी लागलं त्या दिवशी पहिली घागर मायने स्वतःच्या हाताने ओढली. दोर ओढता ओढता ती मध्येच थांबली, आजूबाजूला पाहिलं, आणि कोणी ओरडत नाही असं पाहून पुन्हा ओढायला लागली. हे सारं मी पाहिलं होतं, पण आपण मागच्या अंगणात खेळतो म्हणून जसं पाहतो तसं. मला अभिमान पुढच्या बाजूचा होता. पुढे मनोरे होते.

गंमत अशी की साहेबही पुढे राहिला नाही. त्या पोट काढलेल्या खिडक्या पश्चिमेला होत्या, विलायतेत म्हणे उन्हासाठी माणसं तरसतात. आमच्याकडे चैत्र लागला की दिवाणखान्यात भाकरी शेकून निघाली असती. साहेब आपली खाट उचलून मागच्या पडवीत विहिरीपाशी आणायचा आणि मृग लागेपर्यंत पुढे फिरकायचा नाही. पाहुणे आले की तेवढा पुढच्या खुर्चीत बसून घाम पुसायचा. हे आठवून मला जरा बरं वाटायचं, मग लगेच धूर आठवायचा. कांता रोज विचारायची नाही, पण एकदा कोट झटकताना तिच्या हाताला पान लागलं. "त्यायले झाकन पाह्यचं हाये," ती म्हणाली, "अन तुमी खिशात घेऊन फिरून राह्यले." मी म्हटलं, त्याच्या जन्मातली एक चांगली गोष्ट आहे, ती मी मोडू? ती कोट खुंटीला लावत म्हणाली, "मोडन का नाई थे त्यायले पाहू द्या. तुमी काऊन आधीच रडून राह्यले?"

पट्टी सुटली. काही आठवड्यांनी चष्मा आला, बाटलीच्या बुडासारखा जाड, त्यातून बाचे डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे मोठे दिसायचे. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. "तुले पांढरे आले रे," तो म्हणाला, आणि माझ्या कानाजवळचे केस बोटांनी चाचपले. कांताकडे पाहिलं आणि म्हणाला, तू जाड झाली, चांगली दिसते. मग दुसरं काही न पाहताच म्हणाला, "मले बंगल्यावर ने."

रविवारी आम्ही देवळीच्या मोटारीने गेलो. बंगल्यात आता मुलींचं वसतिगृह आहे. तिथली व्यवस्था पाहणाऱ्या सुलोचनाबाईंनी फाटक उघडून दिलं आणि या मिस्त्रीबुवा म्हणून आत निघून गेल्या, त्यांच्या चुलीवर काहीतरी होतं. बा पायऱ्यांच्या समोर, पाखरांनी फोडलेल्या आवळ्यांच्या सड्यात उभा राहिला. चष्म्यामुळे त्याला कडेचं दिसत नव्हतं, म्हणून तो सारं डोकंच फिरवून पाहत होता, जसं कोणी दुर्बिणीतून पाहावं. पायऱ्या पाहिल्या. कमान पाहिली. एका खिडकीखाली गिलावा फुगला होता त्यावर बोटाने टकटक करून तो म्हणाला, "हे माह्यं नाई, हे मांगून कोनंतरी लेपलं." मग हळूहळू मान वर करत गेला. उन्हात चारही मनोरे होते. एकाला पिंपळ फुटला होता, एकावर पोपट बसले होते. बा किती तरी वेळ तसाच.

"झाकनावरले बुटकेच होते नं?" तो म्हणाला. "का मी उगाच म्हनून राह्यलो? आता सांगनारं बी कोनी राह्यलं नाई. तुही माय होती, थे गेली. साहेब गेला. तुनं तं झाकन पाह्यलंच नाई."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण उंच केले की तसेच होते, एवढंच त्याला खात्रीने हवं होतं, आणि त्याची साक्ष माझ्या छातीला चिकटून होती. मी इतके दिवस बाला सांभाळतोय असं समजत होतो. खरं तर मी माझं लहानपणचं उत्तर सांभाळत होतो, चांगले दिसते म्हनून, ते. मला त्याची फार माया आली आणि भीतीही वाटली. मी पान काढलं, घडी उलगडली आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने ते नाकाशी धरलं, मग लांब केलं, मग चष्म्याला सापडेल अशा अंतरावर आणलं. "अरे," तो म्हणाला. "हेच. हेच थे." त्याचं बोट पायऱ्यांवरून चढलं, दारापाशी थांबलं, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेलं. "हे पाह्य, बुटके. म्हटलं नोहतं?" तो खुलला. मग बोट डावीकडे गेलं आणि थांबलं.

"हे काय, ढग?"

"धूर हाये, बा."

त्याने पानाकडे पाहिलं, मान उचलून छपराकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे.

"चुलीचा?"

"हो."

"याच्यातून निघते थो?"

"हो."

बा खाली वाकून पायरीवर बसला, पान गुडघ्यावर ठेवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मी मनात म्हटलं, केलंस, प्रेमदास, शेवटी केलंस. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि पाहतो तर तो हसत होता. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी काढत तो हसत होता, आणि मग आवाजही फुटला. "म्हनून थो हात फिरवे," तो म्हणाला, "भोक पाहे थो! भोक!" त्याला ठसका लागला, चष्मा नाकावरून घसरला, मी तो वरच्या वर झेलला.

मला राहवलं नाही. "थो तुले हसला होता, बा."

"हसायसारखंच होतं लेका. एवढं मोठं घर अन धुराले वाटच नाई." त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, पुन्हा हसला, पुन्हा पुसले. मग चष्मा लावून तो वर पाहत बसला. "पाड म्हनला असता तं एका शब्दाचं काम होतं. दुसऱ्या साहेबायनं बोटभर चुकलं तं भित्ती पाडाले लावल्या. हा वरतं पोटभर हसला, खाली आला अन हात हाती घेतला. कधी बोलला नाई. म्या इतके वर्स लोकायले सांगतलं, मनोरे म्हनून." पोपट उडाले आणि परत तिथेच बसले. "चांगले दिसते पन," बा म्हणाला.

मी पाहिलं. दिसत होते.

घराच्या पलीकडून मुलींचा गलका येत होता आणि त्यात रहाटांची करकर, एकाची नाही, दोन-तीन एकदम, कोणाचा वेग कोणाशी जुळत नव्हता. बाने पान पुन्हा हातात घेतलं, नीट पाहिलं, आणि मग ते उलटं केलं. पाठीमागे चहाची जाहिरात होती, पांढरा एप्रन बांधलेली एक बाई किटलीतून कपात चहा ओतत होती. त्याने ती बाई बारकाईने पाहिली, पानाची कड बोटाने चाचपली, परत पुढचं घर पाहिलं, पुन्हा मागची बाई.

"मागची बाजू यायनं बी नाई काढली," तो म्हणाला. त्याने पानाची घडी केली, माझ्या खिशात घातली आणि माझ्या खांद्यावर भार देऊन उठला. "चाल, आपली पाहू."